खून नंतर, खोदकाम आधी

एलिझाबेथ पीटर्सच्या अमेलिया पीबॉडी मालिकेत मी बरीच वर्षं मुक्काम ठोकून आहे. व्हिक्टोरियन काळातली इंग्रज बाई, वडिलांनी मागे ठेवलेला बक्कळ पैसा, हातात छत्री, डोक्यात इजिप्तचं वेड. आणि बाई जिथे तंबू ठोकणार तिथे मुडदा पडणारच. एवढ्या वाचनातून हाती लागलेलं थोडं काही:

१. खुनी कोण, या प्रश्नाला फार भाव देऊ नये. लक्ष खोदकामावर ठेवावं. पहिल्याच ‘क्रोकोडाइल ऑन द सँडबँक’मध्ये (1975) इजिप्तमधल्या अमार्नाला उत्खनन करणाऱ्या इमर्सनला रंगवलेली फरशी सापडते. रंगाचे पोपडे उडू नयेत म्हणून तो तिच्यावर टॅपिओकाचं पाणी लावत बसतो, म्हणजे आपल्या साबुदाण्याचंच म्हणा ना. तेही बोटाच्या कडेनं, कारण ब्रशनं रंग उठेल. ही कल्पनेची भरारी नव्हे. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीनं 1891-92च्या हंगामात अमार्नाला हेच केलं होतं. कादंबरीतली फरशी रात्रीतून कुणीतरी फोडतं. खरी फरशी फुटली 1912मध्ये: ती बघायला येणारे लोक पीक तुडवतात म्हणून चिडलेल्या एका शेतकऱ्यानं तिच्यावर घाव घातले. हेतूच बघायचा तर मला हा शेतकरी कादंबरीतल्या गुन्हेगारापेक्षा जास्त पटतो.

असले तपशील उगाच येत नाहीत. पीटर्स हे टोपणनाव. लेखिका बार्बरा मर्ट्झ, आणि तिची शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट इजिप्तच्या प्राचीन इतिहासातलीच, 1952ची.

२. अमेलियाचं सगळं ऐकावं, विश्वास मात्र बेतानं ठेवावा. कथा तिच्या रोजनिशीतून येते आणि बाईंना स्वतःबद्दल कधी शंका म्हणून येत नाही. इमर्सन किती असह्य माणूस आहे हे ती पानंच्या पानं सांगते, तेव्हा वाचकानं लग्नाची तयारी सुरू करावी.

३. रॅमसिस, म्हणजे अमेलिया-इमर्सनचं चिरंजीव, लहानपणी अतोनात बोलतं. त्याची भाषणं चाळली तरी चालतात.

४. खऱ्या बायकाही वाचाव्यात. अमेलिया एडवर्ड्स 1873-74मध्ये नाईलवर फिरली, 1877मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं, 1882मध्ये इजिप्तमधल्या उत्खननासाठी निधी उभारणारी संस्था काढली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पेट्री ज्या अध्यासनावर बसला, त्याचा पैसाही तिच्या मृत्युपत्रातला. मार्गारेट बेन्सननं तर 1895मध्ये कर्नाकजवळच्या मूत देवीच्या मंदिरात स्वतः उत्खनन सुरू केलं. छत्री नसेल, पण हिंमत तीच.

५. अब्दुल्लावर नजर ठेवावी. हा खोदकामाचा मुकादम. सुरुवातीच्या पुस्तकांत अमेलिया इजिप्शियन माणसांशी ज्या सुरात बोलते, तो आपल्याकडच्या मडमेचाच सूर आहे आणि मला तो खुपतो. लेखिका तिची टिंगल करते हे खरं, पण दर वेळी नाही. प्रत्यक्षात पेट्रीची सगळी भिस्त कुफ्त गावच्या कामगारांवर असे. सापडलेली वस्तू चोरबाजारात जाऊ नये म्हणून तो शोधणाऱ्याला रोख बक्षीस देई. अब्दुल्ला पुढच्या भागांत मोठा होत जातो, आणि मालिकेतलं माझं सगळ्यात लाडकं माणूस तोच.

६. पुस्तकं प्रसिद्ध झाली त्या क्रमानंच वाचावीत. 2010चं ‘अ रिव्हर इन द स्काय’ 1910 साली घडतं म्हणून ते मध्येच घुसवू नये. शेवटचं ‘द पेंटेड क्वीन’ 2017चं. मर्ट्झ 2013मध्ये गेल्यावर ते लेखिका जोन हेसनं पुरं केलं. ते मी अजून उघडलेलं नाही, घाई नाही.