तो का आला, हे देवाने विचारलं नाही

आजचे वाचन: उत्पत्ति ११:२७ ते १२:२०
सोबत वाचा: रूथ अध्याय १ व २, लेवीय १९:३३-३४



अब्राहामाच्या पाचारणावर आपण पुष्कळ संदेश ऐकले आहेत. देवाने सांगितलं आणि तो निघाला. पण आजचा भाग थोडा मागून सुरू करून थोडा पुढेपर्यंत वाचला, तर एकाच घराण्यात घर सोडण्याचे तीन प्रसंग दिसतात.

पहिला तेरहाचा. तो खास्द्यांचे ऊर सोडून कनानाकडे निघाला, पण वाटेत हारानातच राहिला आणि तिथेच वारला. तो का निघाला, हे या भागात लिहिलेलं नाही. निघण्यापूर्वी त्याचा एक मुलगा ऊरमध्येच वारला होता, एवढीच नोंद आहे. दुसरा प्रसंग अब्रामाचा. वय ७५, आणि निघण्याचं कारण देवाची आज्ञा. तिसरा प्रसंग दहाव्या वचनात आहे आणि तो आपण बहुतेक वेळा गाळतो. कनानात दुष्काळ पडला आणि हाच अब्राम पोटासाठी मिसर देशात गेला.

म्हणजे बाराव्या अध्यायाच्या पहिल्या वचनात जो देवाच्या हाकेने निघाला, तोच दहाव्या वचनात भुकेने निघाला. माणूस एकच. मिसरच्या सीमेवर त्याच्याकडे बघणाऱ्याला काय दिसलं असेल? तंबू, गुरं, बायको आणि चेहऱ्यावरची भीती. देवाचं वचन काही त्याच्या कपाळावर लिहिलेलं नव्हतं.

आपल्या भागात बघू

बोईसर स्टेशनवर संध्याकाळी पाळी सुटल्यावर दहा मिनिटं उभे राहा. भोजपुरी, उडिया, गुजराती, वारली, मराठी, सगळं कानावर पडतं. तारापूर एमआयडीसीने माणसं आणली, हे खरं. पण प्रत्येकाचं निघणं सारखं नाही.

कोणी भुकेने निघतं. त्यासाठी बिहारपर्यंत जायला नको. आपल्याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याचे आदिवासी भाऊ-बहिणी भात कापून झाला की वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. विचारलं तर म्हणतात, जगायला जातो. राहायला जातो असं कोणी म्हणत नाही.

कोणी श्रद्धेसाठी निघतं. पारशी लोकांचे पूर्वज इराणातून समुद्रमार्गे आले आणि आपल्या सीमेपलीकडच्या संजाणला उतरले, असं त्यांची परंपरा सांगते. ती कथा १५९९ च्या सुमारास बहमन कैकोबाद यांनी फारसी काव्यात लिहून ठेवली. पुढे संजाण पडलं तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी डहाणू तालुक्यातल्या बाहरोटच्या डोंगरात नेला आणि १२ वर्षं तिथल्या गुहेत जपला, असंही त्यात आहे. त्यांची श्रद्धा वेगळी आहे, आपली वेगळी. पण भक्ती करता यावी म्हणून घर सोडणं काय असतं, हे निर्गम वाचणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

एकोणिसाव्या शतकात याझ्द आणि केरमानकडून आणखी झरथुष्ट्री आले. त्यांना आपण इराणी म्हणतो. त्यांच्यामागे गरिबी होती, दुष्काळ होता आणि १८८२ पर्यंत जिझिया करही होता. आता सांगा, ते पोटासाठी आले की श्रद्धेसाठी? वेगळं काढता येत नाही. त्यांच्यातल्या काही कुटुंबांनी डहाणू-घोलवडला चिकूच्या वाड्या लावल्या. त्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिकूचं झाडसुद्धा मूळचं मेक्सिकोकडचं. आज तो आपला चिकू आहे.

आणि कोणी निघत नाही, त्याला उठवलं जातं. तारापूर अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून वीज देतंय. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं हलवावी लागली. ती माणसं परदेशी गेली नाहीत, परराज्यातही नाही. तरी समुद्रावर पोट असलेल्या माणसासाठी काही किलोमीटरसुद्धा परमुलूख होतो.

रूथचं कारण

रूथच्या पुस्तकातही सुरुवात दुष्काळाने होते. अलीमलेख बेथलेहेम सोडून मवाबात जातो. पण रूथ स्वतः उलट्या दिशेने येते, तेव्हा तिच्यापुढे ना नोकरी आहे, ना जमीन. ती एका म्हाताऱ्या सासूसाठी येते, आणि सासूचा देव तो आपला देव मानून येते. माणसासाठी घर सोडणं यालाही स्थलांतरच म्हणायचं. आपल्या घरातल्या आई, काकू, वहिनी यांनी लग्नात तेच केलं, फक्त आपण त्याला ते नाव देत नाही.

आमच्या आयटी क्षेत्रात कोणाला ऑनसाइट मिळालं की पेढे वाटतात, मंडळीत उभं करून प्रार्थना करतात. देवाने दार उघडलं, म्हणतात. झारखंडचा मुलगा कंपनीत हेल्पर म्हणून लागला की तेच लोक म्हणतात, आले पोट भरायला. दोघांचं कारण एकच असेल तर एकाला आशीर्वाद आणि दुसऱ्याला लोंढा का म्हणायचं?

मग वचन काय सांगतं?

लेवीय १९ मध्ये परक्याला छळू नका, त्याला आपल्यातला समजून त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा, अशी आज्ञा आहे. ती नीट वाचा. तो का आला, ही अट त्यात कुठेच नाही. कारण दिलं आहे ते आपल्या बाजूचं आहे: तुम्हीही मिसरात परके होता. देव त्याचा इतिहास तपासत नाही, आपल्याला आपला आठवायला लावतो.

याचा अर्थ स्थानिक माणसाचं दुःख खोटं आहे असा नाही. कारखाने दारात असून आपल्या मुलाला कायमची नोकरी नाही, पाणी कमी पडतं, खोल्यांची भाडी वाढतात. पवित्र शास्त्रालाही हे माहीत आहे. तेराव्या अध्यायात अब्राम आणि लोट यांच्या गुराख्यांत भांडण होतं, कारण जमीन दोघांना पुरत नाही. पण ज्याने निर्णय घेतला त्याला प्रश्न विचारायचा सोडून एका खोलीत सहा जण झोपणाऱ्यावर राग काढणं, हा न्याय नाही.

आणि येणारा प्रत्येक जण निर्मळच असतो, असंही नाही. अब्रामाने मिसरात भीतीपोटी बायकोला बहीण म्हटलं. आपल्याकडे खोली घेताना राहणार असतात पाच जण, मालकाला सांगतात दोन. खोटं ते खोटंच, वचन ते झाकत नाही. पण त्यामागची भीतीही झाकत नाही. बवाजाने काय केलं बघा. ही मवाबी आहे हे त्याला आधीच सांगितलेलं होतं. तरी त्याने तिला वेचू दिलं, तिला कोणी त्रास देऊ नये अशी ताकीद दिली, तहान लागली तर पाणी कुठे आहे ते दाखवलं. अन्न, सुरक्षा, पाणी. बोईसरमध्ये नवीन आलेल्याला आजही याच तीन गोष्टी लागतात.

आजसाठी

१. तुमच्या इमारतीत किंवा कामावर बाहेरून आलेल्या एका माणसाचं नाव विचारा. 'ए भैया' म्हणू नका, नावाने हाक मारा.

२. घरातल्या मोठ्यांना विचारा, आपलं कुटुंब इथे कुठून आणि का आलं. उत्तर मुलांना सांगा.

३. भाड्याने खोली देत असाल, तर पाणी आणि संडास नीट आहे का, ते आजच बघा.

प्रार्थना

हे प्रभू, तूही बाळपणी हेरोदाच्या भीतीने मिसरात नेला गेलास. जे भुकेने निघाले, जे भीतीने निघाले आणि ज्यांना उठवलं गेलं, त्या सर्वांना सांभाळ. आमच्या दारी आलेल्याला कारण विचारण्याआधी पाणी विचारण्याची बुद्धी आम्हाला दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.