दात शाबूत, पण हिरड्या?

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम आहे. एकही दात किडलेला नाही, पण ब्रश करताना रक्त येतं. काळजी करावी का?

उत्तर : हो, करावी. डाऊन सिंड्रोम म्हणजे २१व्या गुणसूत्राची जादा प्रत; अशा मुलांत कीड बरेचदा कमी असते, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. हिरड्यांचा आजार मात्र लवकर येतो आणि झपाट्याने वाढतो. पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिससारखे जंतू लहानपणीच हिरडीखाली ठाण मांडतात आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी पडतात. रक्त येतं म्हणून ब्रश थांबवू नका (बहुतेक घरांत नेमकं हेच होतं!). मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून रात्री तुम्हीच दात घासून द्या. दंतवैद्याला लवकर दाखवा. हृदयात जन्मजात दोष असेल तर उपचारांआधीच त्यांना सांगा.