मूल वाचील, घर ऐकेल



पहिल्या परमप्रसादाच्या वेळी आपण मुलाच्या हाती पवित्र शास्त्राची प्रत देतो. पुढे त्या प्रतीचे काय होते? बऱ्याच घरी ती पावसाने भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलेली आढळते. यात आदर आहे, पण वाचन नाही. मुलांना शास्त्रवाचनाची सवय कशी लागावी, याचा आज आपण विचार करू.

सवय म्हणजे काय?

ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने सवयीविषयी एक साधी गोष्ट सांगितली. घरे बांधता बांधता माणूस गवंडी होतो, आणि न्यायाने वागता वागता न्यायी होतो. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला. खरी सवय माणसात मुरते, आणि मग तो तेच काम सहज व आनंदाने करतो. पालकांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. आधी आवड आणि मग वाचन, अशी वाट पाहू नये. रोज थोडे वाचूनच आवड निर्माण होते. आणि धाकाने करून घेतलेले वाचन धाक संपताच संपते.

आपली अडचण

जव्हार-मोखाड्यातल्या आपल्या अडचणी शहरातल्या पुस्तकांत सापडत नाहीत. आपल्या कित्येक घरी वारली, कोकणा किंवा काथोडी बोलतात; पुस्तकातली मराठी मुलाला शाळेत गेल्यावर भेटते. काही मुले आश्रमशाळेत राहतात आणि सुट्टीलाच घरी येतात. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. आणि आईवडील म्हणतात, “फादर, आम्हांलाच अक्षर येत नाही, आम्ही पोरांना काय शिकवणार?”

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मुलाला वाचायला शिकवणारा घरी नसला तरी चालेल. त्याचे वाचन ऐकणारा मात्र हवा. मूल वाचील आणि घर ऐकेल, एवढेच करायचे आहे.

शास्त्र कानांनीच पसरले

ही पळवाट नव्हे, ख्रिस्तसभेची जुनी रीत आहे. देवाच्या आज्ञा मुलांना घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना सांगाव्यात, असे अनुवादाच्या ६ व्या अध्यायात इस्राएलला सांगितले आहे. वल्हांडणाच्या सणाला मुलांनी अर्थ विचारावा आणि वडिलांनी सांगावा, असे निर्गमच्या १२ व्या अध्यायात आहे. तीमथ्याला विश्वासाचा वारसा मिळाला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून (२ तीमथ्य १:५). प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ मध्ये इथिओपियाचा अधिकारी रथात शास्त्र वाचत होता आणि धावत गेलेल्या फिलिपला ते ऐकू आले. म्हणजे तो मोठ्याने वाचत होता.

आपल्या मराठीचेही तसेच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ रविवारी व सणाला चर्चमध्ये वाचला जाई आणि लोक तो ऐकत. आपल्या भागात धवलेरी लग्नातली लांबलचक गाणी कागदाशिवाय म्हणते. ऐकून लक्षात ठेवणे ही आपल्या लोकांची दुबळी बाजू नाही; ती शक्ती आहे.

मुलांना ते कळेल का?

पेरणाऱ्याचा दाखला घ्या (मत्तय १३). खडकाळ माळावर उगवलेले रोप उन्हाने कसे करपते, हे शहरातल्या मुलाला समजावून सांगावे लागते. नागली-वरईच्या शेतावर वाढलेल्या मुलाने ते पाहिलेले असते. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला घ्या (मत्तय २०). काम मिळेल म्हणून दिवसभर उभे राहणे म्हणजे काय, उचल घेतलेल्या घरातली चिंता कशी असते, हे आपली मुले जाणतात. म्हणून शेवटी आलेल्या मजुरालाही पुरी मजुरी मिळाली, हे ऐकून त्यांचे डोळे मोठे होतात. शास्त्रातले जग आपल्या मुलांपासून दूर नाही. त्यांना फक्त वेळ आणि ऐकणारे कान हवेत.

घरी काय करावे?

१. वेळ ठरवावी. संध्याकाळच्या प्रार्थनेला जोडूनच वाचन ठेवावे. आवणीच्या दिवसांत सारे थकलेले असतात. तेव्हा पाच वचने वाचली तरी पुरे, पण दिवस चुकवू नये.

२. मार्कपासून सुरुवात करावी. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, १६ अध्यायांचे आहे. रोज सुमारे १० वचने वाचली तर ते ७० दिवसांच्या आसपास पूर्ण होते. जूनमध्ये शाळा उघडताना आरंभ केला, तर ऑगस्टअखेरीस एक शुभवर्तमान वाचून होईल.

३. मुलाने मोठ्याने वाचावे. अडखळले तर हसू नये, रागावू नये. लहान भावंडाला एकच वचन द्यावे.

४. वाचल्यावर मुलाने तीच गोष्ट घरच्या बोलीत सांगावी. ज्याला आपल्या बोलीत सांगता आली, त्याला ती समजली. चित्र काढून सांगितली तरी चालेल.

५. आजीआजोबांनी, आईवडिलांनी एक तरी प्रश्न विचारावा. उत्तर कोणालाच आले नाही, तर रविवारी मिस्सानंतर आम्हांला किंवा धर्मशिक्षकांना विचारावे.

घर सोडावे लागते तेव्हा

भट्टीवर जाताना कपडे, भांडी बांधतो त्यात हे पुस्तकही असावे. तेथे दिव्याची सोय नसेल तर मुलाने पावसाळ्यात शिकलेली एक गोष्ट तोंडी सांगावी. दर आठवड्याला एक, एवढे जमले तरी धागा तुटत नाही. मोबाईलवर वाचन ऐकता येत असेल तर सर्वांनी मिळून ऐकावे. मात्र मुलाची शाळा सुटू देऊ नका, ही आमची कळकळीची विनंती. मुलाचे वाचन थांबले की शास्त्राचे पुस्तकही त्याच्यासाठी बंद होते.

आश्रमशाळेतल्या मुलांनी शाळेची शिस्त पाळून, इतर कोणावर काहीही न लादता, झोपण्यापूर्वी मनातल्या मनात एक वचन आठवावे. सुट्टीत घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्यांना वाचायला बसवावे.

पोप फ्रान्सिस यांनी ३० सप्टेंबर २०१९ रोजी, संत जेरोम यांच्या सणादिवशी, सामान्य काळातील तिसरा रविवार देववचनाचा रविवार म्हणून जाहीर केला. चर्चमध्ये तो वर्षातून एकदा येतो. घरी मात्र देववचनाचा दिवस रोज येऊ शकतो. पेटीतली ती पिशवी आज संध्याकाळी सोडावी, मुलाला मध्ये बसवावे आणि आपण सर्वांनी शांत बसून त्याचे ऐकावे.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातले पवित्र शास्त्राचे पुस्तक शेवटचे कधी उघडले?
२. रोज दहा मिनिटे सर्वजण एकत्र बसतील अशी वेळ कोणती?
३. पेरणाऱ्याच्या दाखल्यातली कोणती जमीन आपल्या शेतात आहे आणि कोणती आपल्या मनात?

प्रभू येशू आपल्या मुलांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू