अळीची रसना आणि निंबोळी अर्क

निंबोळी अर्काच्या फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी शेतात मेलेल्या अळ्या दिसल्या नाहीत, की फवारणी वाया गेली असा निष्कर्ष काढला जातो आणि लगेच तीव्र कीटकनाशकाचा आधार घेतला जातो. वस्तुतः निंबोळीचा पहिला परिणाम अळीच्या खाण्यावर होतो. मृत्यू ही नंतरची बाब आहे. हे समजण्यासाठी अळीला चव कशी कळते, हे पाहणे उपयुक्त ठरते.

चव कोठे कळते?

पतंगवर्गीय अळीच्या जबड्यांमागे दोन लहान उपांगे असतात. प्रत्येक उपांगावर शंकूच्या आकाराचे दोन ठळक संवेदी रोम असतात. रोमाच्या टोकाला सूक्ष्म छिद्र असते आणि चावलेल्या पानाचा रस त्यातून आत पोहोचतो. प्रत्येक रोमात चव ओळखणाऱ्या चार चेतापेशी असतात. म्हणजेच या चार रोमांत मिळून अवघ्या १६ चेतापेशी पानाची परीक्षा करतात. वरच्या ओठाच्या आतील बाजूस आणि मुखाजवळील स्पर्शकांवरही अशा काही पेशी असतात. काही पेशी शर्करेला, काही क्षारांना, तर काही कडू व अपायकारक द्रव्यांना प्रतिसाद देतात. कोणत्या पेशीला कोणते द्रव्य जाणवते, हे अळीच्या प्रजातीनुसार बदलते.

संदेशाचा प्रवास

द्रव्याचा स्पर्श होताच चेतापेशीत विद्युत स्पंदने निर्माण होतात. द्रव्याची तीव्रता वाढली की दर सेकंदाची स्पंदनेही एका मर्यादेपर्यंत वाढतात. हे संदेश अन्ननलिकेखालील चेतागुच्छिकेत थेट पोहोचतात. मुखावयवांच्या हालचालींचे नियंत्रणही याच गुच्छिकेकडे असते. शर्करेचा संदेश प्रबळ असेल तर जबडे चालू राहतात. कडू द्रव्याचा संदेश वरचढ ठरला तर ते थांबतात.

पीक ओळखण्यातही चवीचा वाटा मोठा आहे. डच वनस्पतिशास्त्रज्ञ फेर्शाफेल्ट यांनी १९१० मध्ये दाखवले, की कोबीवरील पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या एरवी न खाल्लेली पानेही, त्यांवर मोहरीवर्गीय वनस्पतींतील सिनिग्रिन हे द्रव्य लावल्यास खाऊ लागतात.

निंबोळी काय करते?

१९६२ मध्ये दिल्लीत टोळधाड आली असता, भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या परिसरातील निंबोळीचे द्रावण फवारलेल्या पिकांवर टोळ उतरले, परंतु त्यांनी ती खाल्ली नाहीत. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन अनेक अळ्यांमधील कडू चवीच्या पेशी उत्तेजित करते आणि काही प्रजातींत शर्करेचा संदेशही क्षीण करते. थोडा रस पोटात गेलाच, तर कात टाकण्याच्या प्रक्रियेत अडथळा येतो. या परिणामास काही दिवस लागतात.

मात्र अळी चवीला सरावूही शकते. तंबाखूवरील पाने खाणाऱ्या स्पोडोप्टेरा अळीवर बॉमफर्ड व आयझमन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, शुद्ध अझाडिरॅक्टिन वारंवार समोर आल्यास अळ्यांचा तिटकारा कमी झाला. तेवढेच अझाडिरॅक्टिन असलेल्या निंबोळी अर्काबाबत तसे घडले नाही. अर्कातील अनेक द्रव्यांचे मिश्रण येथे उपयोगी ठरते.

शेतातील उपयोग

• पाच टक्के अर्कासाठी ५ किलो निंबोळीची भरड ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्यावी. १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबण विरघळवून त्यात मिसळावा व पाणी घालून एकूण द्रावण १०० लिटर करावे.
• सूर्यप्रकाशात अझाडिरॅक्टिनचे विघटन होते. म्हणून सायंकाळी आणि पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारणी करावी.
• अळ्या लहान असतानाच फवारणी करावी. बोंडात किंवा घाट्यात शिरलेल्या अळीपर्यंत अर्काची चव पोहोचत नाही.
• परिणाम मोजताना मेलेल्या अळ्या मोजू नयेत. फवारलेल्या काही पानांवर खूण करून तीन-चार दिवस नवी छिद्रे व ताजी विष्ठा यांची नोंद घ्यावी. फवारणीनंतर फुटलेल्या पानांवर अर्क नसतो, त्यामुळे त्यांची नोंद स्वतंत्र ठेवावी.

पान शाबूत असेल आणि अळी जिवंत पण उपाशी असेल, तर फवारणीने आपले काम केले आहे. पुढील फवारणीचा निर्णय याच नोंदीवरून घेतल्यास अनावश्यक खर्च टळतो आणि मित्रकीटकांचेही रक्षण होते.