एडिंबरा : एका जिन्यावरचे शहर

नागरी वस्त्यांच्या विलगीकरणावर टीप लिहा, असा प्रश्न समाजशास्त्राच्या पेपरात हमखास येतो आणि आपण तो चार मुद्द्यांत उरकतो. उत्पन्नाप्रमाणे वस्त्या वेगळ्या पडतात, हे वाक्य मलाही पाठ आहे. परंतु त्या आपोआप पडतात की कोणी पाडतो, हा प्रश्न मला पुस्तकाने विचारला नव्हता. तो विचारला स्कॉटलंडच्या राजधानीने. माझी थोरली बहीण ग्लासगोला असते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आई, बाबा आणि मी तिच्याकडे गेलो असता एका शनिवारी ताई आणि तिच्या सहा वर्षांच्या मुलीसह आम्ही आगगाडीने एडिंबऱ्यास गेलो. तासाभराचाही प्रवास नाही. तेथे दिवसभर वाहनात पाय ठेवायचा नाही, असे बाबांनी आधीच जाहीर केले होते.

हे शहर समजून घ्यायचे तर आधी त्याचा भूगोल पाहावा लागतो. किल्ल्याचा खडक म्हणजे सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा. हिमयुगात पश्चिमेकडून सरकत आलेल्या बर्फाला हा कठीण खडक हटला नाही. त्याच्या आडोशाला पूर्वेकडे दगडमातीची एक उतरती सोंड तेवढी शिल्लक राहिली. या सोंडेच्या पाठीवरून किल्ल्यापासून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत जो रस्ता उतरतो, तोच प्रसिद्ध ‘रॉयल माइल’. त्याच्या दोन्ही अंगांना माशाच्या काट्यांसारखे अरुंद बोळ फुटले आहेत. त्यांना तेथे ‘क्लोज’ म्हणतात. भोवती तट, उत्तरेला तळे आणि जागा सोंडेएवढीच. तेव्हा शहर पसरले नाही, वर चढले. सतराव्या शतकातच येथे सहा-सात मजली दगडी इमारती होत्या. उताराच्या बाजूने मोजल्यास काहींचे मजले दहापर्यंत जात.

वेव्हर्ली स्थानक खाली दरीत आहे. तेथून फ्लेशमार्केट क्लोजच्या, म्हणजे जुन्या मटणबाजाराच्या बोळाच्या, पायऱ्या चढून आम्ही वर आलो. आईचे गुडघे दुखतात. तिच्यामुळे दर वीस पायऱ्यांना थांबावे लागे, आणि थांबल्यामुळेच वर पाहावेसे वाटे. दोन भिंतींमध्ये आकाशाची फक्त एक चिंधी.

लॉनमार्केटमधील ‘ग्लॅडस्टोन्स लँड’ ही इमारत १६१७ साली टॉमस ग्लेडस्टेन्स या व्यापाऱ्याने विकत घेऊन वाढवली. तिच्यातील रंगवलेली लाकडी छते सुंदर आहेत, पण मला अधिक महत्त्वाचे वाटले ते तेथील बिऱ्हाडांचे गणित. मालकाने काही मजले भाड्याने दिले होते. अशा इमारतींत सामान्यतः मधले मजले सर्वांत महाग असत. तळाशी रस्त्याची घाण आणि अगदी वर चढण्याचे कष्ट. म्हणून गरिबांची बिऱ्हाडे तळाला आणि माळ्यावर, तर मध्ये वकील, न्यायाधीश, उमराव. जिना मात्र सर्वांचा एकच.

बाबांचे बालपण गिरगावात चाळीत गेले. ते एकदम म्हणाले, “अगं, ही तर आपली चाळच!”

आई म्हणाली, “अहो, चाळीत खाली नळ तरी होता. इथे एवढे मजले पाणी कोण चढवायचं?”

आईचा प्रश्न एखाद्या संशोधकाला शोभेल असा होता. शहराबाहेरील कोमिस्टनच्या झऱ्यांचे पाणी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात नळाने कॅसलहिलवरच्या हौदात आणले गेले आणि तेथून ते रस्त्यातील सार्वजनिक विहिरींना मिळू लागले. त्या दगडी विहिरी आजही दिसतात. तेथून पुढे मात्र पाणके आणि पाणकिणी पाठीवर पिंपे बांधून ते वर पोचवीत. सांडपाणी खाली येण्याची रीत सोपी होती: रात्री खिडकी उघडायची, ‘गार्डी लू’ अशी आरोळी ठोकायची आणि ओतायचे! तेव्हा एक जिना म्हणजे समता, असे समजण्याचे कारण नाही. एवढे खरे की न्यायाधीशाला आपल्या पाणक्याचा चेहरा माहीत होता आणि जिन्यातील दुर्गंधी दोघांच्याही नाकाला झोंबत होती.

अखेर ती सोसण्याचे श्रीमंतांना कारण उरले नाही. तळे आटवून पलीकडच्या मोकळ्या टेकाडावर नवे शहर वसवायचे ठरले. १७६६ च्या स्पर्धेत जेम्स क्रेग या तरुण वास्तुतज्ज्ञाचा आराखडा निवडला गेला आणि पुढच्याच वर्षी तो मंजूर झाला. तत्त्ववेत्ता डेव्हिड ह्यूमदेखील १७७१ मध्ये जुन्या शहरातून तिकडे राहावयास गेला. दुपारी माउंड नावाच्या उतारावरून आम्ही नव्या शहरात उतरलो. हा उतार म्हणजे नव्या घरांच्या पायांतून निघालेल्या मातीचा भराव. सुमारे १५ लाख गाड्या माती येथे टाकली असे सांगतात.

क्रेगचा आराखडा कागदावर फार देखणा आहे. प्रिन्सेस स्ट्रीट, जॉर्ज स्ट्रीट आणि क्वीन स्ट्रीट हे तीन प्रशस्त समांतर रस्ते आणि दोन टोकांना दोन चौक. त्यांच्या मधोमध रोझ स्ट्रीट आणि थिसल स्ट्रीट हे दोन अरुंद रस्ते कारागीर व दुकानदारांसाठी. माझ्या मते विलगीकरणाचे याहून स्पष्ट चित्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. जो भेद पूर्वी जिन्यावर उभा होता, तो येथे जमिनीवर आडवा आखला गेला. शार्लट चौकातील रॉबर्ट ॲडमच्या १७९१ च्या आराखड्याप्रमाणे बांधलेल्या घरांसमोर आम्ही बराच वेळ उभे राहिलो. इतका तोल, इतके मोठे आकाश! आईला येथेच राहावेसे वाटले, आणि तिचे चुकले असे मला वाटत नाही.

परंतु मागे राहिलेल्या शहराचे काय झाले? परत नॉर्थ ब्रिजवरून हाय स्ट्रीटला आलो तेव्हा त्याचे उत्तर पेझ्ली क्लोजच्या दारावर कोरलेले आढळले. धनिक गेले, त्यांच्या मोठ्या खोल्यांत फळ्यांच्या भिंती घालून एकेका खोलीत कुटुंबेच्या कुटुंबे भरली गेली आणि डागडुजीची फिकीर कोणालाच राहिली नाही. २४ नोव्हेंबर १८६१ रोजी मध्यरात्रीनंतर येथील जुनी इमारत कोसळली आणि ३५ माणसे मेली. ढिगाऱ्याखालून एक मुलगा ओरडला, खणणे थांबवू नका, मी अजून मेलेलो नाही. त्याचा चेहरा आणि ते शब्द कमानीवर दगडात आहेत. भाचीने विचारले, “मावशी, तो वाचला ना?” तो वाचला होता. पुढच्याच वर्षी शहराने हेन्री लिटलजॉन यांना आरोग्याधिकारी नेमले आणि १८६५ मध्ये त्यांनी जुन्या शहराच्या हालांचा सविस्तर अहवाल दिला. त्यानंतर १८६७ च्या कायद्याने रुंद रस्ते काढण्यासाठी जुने बोळ पाडण्यास सुरुवात झाली. पाडलेल्या घरांतील गरिबांना नव्या इमारतींचे भाडे परवडणारे नव्हते, हे वेगळे सांगावयास नको.

याच ठिकाणी पॅट्रिक गेडिस यांचे वेगळेपण दिसते. मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेले गेडिस १८८६ मध्ये पत्नी ॲना यांच्यासह सुखवस्तू वस्ती सोडून याच जुन्या शहरात, जेम्स कोर्टमध्ये, राहावयास आले. सरसकट पाडापाडीला त्यांचा विरोध होता. आधी गल्ली पायाने फिरून पाहा, अगदी मोडकळीस आलेले तेवढेच काढा, हवा-उजेडाला वाट करा, रिकाम्या जागी बाग लावा आणि माणसे आहेत तेथे राहू द्या, अशी त्यांची रीत होती. १९१४ मध्ये ते भारतात आले. होळकरांच्या इंदुरात त्यांनी दिवाळीची मिरवणूक स्वच्छ झालेल्या आळ्यांमधून नेण्याची योजना केली आणि लोकांनी आपापल्या आळ्या झाडून काढल्या! १९१८ मध्ये त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांत निघाला. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक हेच. १९२४ मध्ये त्यांच्यामागे विभागाची धुरा आली ती त्यांचे विद्यार्थी, मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे.

पेझ्ली क्लोजपासून थोड्याच अंतरावर, ट्रंक्स क्लोजमधून आत गेल्यावर, एक लहानशी बाग लागते. तेथे दगडी मधमाश्यांच्या पोळ्यावर गेडिस यांचा दाढीवाला अर्धपुतळा बसवलेला आहे. हाय स्ट्रीटवरची गर्दी तिकडे फिरकत नव्हती. आम्ही पुतळ्याशेजारीच बसलो, आईने पाय पसरले, आणि ताईने डब्यातले धपाटे काढले.