व्यायामाची निवड

गेल्या वर्षी श्रावण महिन्यात, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी, नववीतील एक विद्यार्थिनी भोवळ येऊन खाली बसली. तिला आत नेऊन साखर-मीठ घातलेले पाणी पाजले आणि थोडी हुशारी आल्यावर चौकशी केली. तेव्हा कळले, की पंधरा दिवस तिने दुपारच्या डब्याला हातही लावला नव्हता. शिवाय पहाटे उठून उपाशीपोटी ती दोरीवरच्या पाचशे उड्या मारीत असे. भ्रमणध्वनीवरील एका चित्रफितीत तिने तसे पाहिले होते. वर्गातील काही मुले तिला ‘भोपळा’ म्हणून चिडवीत. हे ऐकून वाईट वाटलेच. पण त्याहून अधिक वाईट वाटले ते तिच्या पुढच्या वाक्याने. ती म्हणाली, “बाई, गेल्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात ना, बारीक झालीस, छान दिसतेस म्हणून?”

मी तसे म्हटले होते खरे. मात्र ती बारीक कशी झाली, हे विचारण्याचे मला सुचले नव्हते. त्या दिवसापासून हा विषय समजून घेण्याचा मी प्रयत्न करीत आहे. मी कलाशाखेची पदवीधर. वैद्यकाचे शिक्षण मला नाही. म्हणून वाचून आणि जाणत्यांना विचारून जे पक्के समजले, तेवढेच विद्यार्थी मित्रांपुढे व पालकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम वजनाचाच विचार करू. हाडे, स्नायू, पाणी आणि चरबी या सर्वांची बेरीज म्हणजे आपले वजन. काटा ही बेरीज तेवढी सांगतो. तीत चरबी किती हे तो सांगत नाही. प्रौढ माणसांसाठी एक सोपे गणित प्रचारात आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन गणिती आदोल्फ केतले यांच्या अभ्यासातून हे माप पुढे आले. उंची १.६० मीटर व वजन ६४ किलो असल्यास उत्तर येते २५. भारतीय प्रौढांच्या बाबतीत सामान्यतः २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता मानतात. त्याचबरोबर कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे सांगितले जाते. कारण पोटाभोवती साठणारी चरबी मधुमेह व हृदयविकार यांना अधिक जवळची असते.

परंतु, मुलांनो, हे आकडे तुम्हांला लागू नाहीत. वाढत्या वयातील मुलामुलींसाठी वयानुसार वेगळे तक्ते असतात व ते डॉक्टरांनीच पाहावयाचे असतात. तुमची उंची अजून वाढत आहे. वजन आहे तेवढेच राहून उंची वाढली, तरी प्रमाण आपोआप सुधारते. म्हणून या वयात उपास करून वजन उतरविणे म्हणजे बांधकाम चालू असताना चिरे काढून घेण्यासारखे आहे.

आता व्यायामाचा हिशेब पाहू. साठ किलो वजनाचा माणूस ताशी पाच किलोमीटर वेगाने तासभर चालला, तर सुमारे २०० कॅलरी खर्च होतात. यांपैकी साठेक तर तो स्वस्थ बसून राहता तरीही खर्च झाल्याच असत्या. म्हणजे चालण्याची खरी कमाई १५० च्या आसपास. उलट तीस ग्रॅम काजूगर, म्हणजे बोलता बोलता तोंडात टाकलेली एक मूठ, १६० हून अधिक कॅलरी देते. एक किलो चरबीत ७,७०० च्या आसपास कॅलरी साठविलेल्या असतात. तेव्हा खाण्यात काहीच बदल न करता, रोज तासभर चालून एक किलो चरबी घटवावयास कागदावरच्या हिशेबाने पन्नासहून अधिक दिवस लागतील. आणि शरीर काही कागदावरचा हिशेब तंतोतंत पाळत नाही. ‘आठ दिवसांत पाच किलो’ अशी जाहिरात वाचाल, तेव्हा हे गणित आठवा. आठ दिवसांत जे उतरते, त्यात बराच भाग पाण्याचा असतो.

मग व्यायाम कशासाठी करावा, असा प्रश्न कोणी विचारील. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी बसगाड्यांच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली. तिचे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले. चालक दिवसभर बसून असत, तर वाहक दुमजली गाडीचा जिना सतत चढत-उतरत असत. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत कमी आढळले. १९५६ साली याच संशोधकांनी दोघांच्या गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारी कमरेला रुंद निघाल्या. पण तरुण चालकांतही तो फरक दिसत होता, म्हणून सगळा दोष बसण्यालाच देता येईना. पुढे झालेल्या अनेक अभ्यासांतून मात्र नियमित हालचालीने हृदयविकार व मधुमेह यांचा धोका कमी होतो, हे स्पष्ट झाले. आणि काटा फारसा हलला नाही, तरीही हा लाभ मिळतो. सारांश, वजन घटविण्यात आहाराचा वाटा मोठा, घटलेले वजन पुन्हा वाढू न देण्यात व्यायामाचा वाटा मोठा, आणि आरोग्यास दोन्ही आवश्यक.

व्यायामाचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. दमाचा व्यायाम : भरभर चालणे, सायकल, पोहणे, दोरीवरच्या उड्या. बळाचा व्यायाम : जोर, बैठका, वजन उचलणे. आणि लवचिकपणाचा व्यायाम : आसने व अंग ताणण्याचे प्रकार. पहिल्याने ऊर्जा अधिक खर्च होते. दुसऱ्याची उपेक्षा करून नुसते खाणे कमी केले, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. तिसऱ्याने सांधे मोकळे राहतात. तिन्हींचा थोडाथोडा अंश सूर्यनमस्कारात आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा हिरिरीने प्रसार केला, तो उगाच नव्हे. येथे एक गैरसमजही दूर करावयास हवा. पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचे स्नायू बळकट होतात. केवळ पोटावरचीच चरबी त्यामुळे वितळत नाही. चरबी कोठून आधी जावी, हे शरीर आपल्याला विचारून ठरवीत नाही.

व्यायाम किती करावा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस बळाचा व्यायाम करावा. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी सरासरीने रोज ६० मिनिटे हालचाल करावी. त्यातील तीन दिवस तरी ती जोमाची आणि हाडे व स्नायू बळकट करणारी असावी. आणि ‘मध्यम’ श्रम ओळखावे कसे? चालताना बोलता येते पण गाता येत नाही, तो मध्यम श्रम. आपल्या सुश्रुतसंहितेत बळाच्या अर्ध्यापर्यंतच व्यायाम करावा असे सांगितले आहे आणि श्वास तोंडावाटे येऊ लागणे ही त्या अर्ध्या बळाची खूण दिली आहे. दोन्ही खुणा एकमेकींच्या किती जवळच्या आहेत! शिवाय दोहोंनाही यंत्र लागत नाही.

आता निवडीचा प्रश्न. व्यायाम निवडताना स्वतःला चार प्रश्न विचारावेत. तो माझ्या शरीराला झेपेल काय? गुडघेदुखी, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारले पाहिजे. माझ्या दिवसात त्याला निश्चित वेळ आहे काय? आपल्या गोव्यात पाऊस चार महिने मुक्काम ठोकतो. त्या काळात तो करता येईल काय? आणि तो मला आवडतो काय, किंवा निदान त्यात कोणाची सोबत आहे काय? चारांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ आले, तर कागदावर कितीही कॅलरी जाळणारा व्यायाम महिनाभरात सुटतो. सुटलेल्या व्यायामाचा हिशेब शून्य.

त्या विद्यार्थिनीच्या आईला मी शाळेत बोलावून घेतले होते. तिच्याही रक्तातील साखर वाढलेली होती आणि डॉक्टरांनी चालावयास सांगितले होते. पण एकटीने जाण्याचा कंटाळा. ती म्हणाली, “बाई, माझी आई विहिरीचे पाणी शेंदायची, रगड्यावर वाटण वाटायची. तिला व्यायाम कोणी सांगितला नाही. आमच्याकडे आता नळ आला, यंत्र आले, स्कूटर आली.” तिचे म्हणणे खरे होते. कोणी पुन्हा रहाटाकडे वळावे असे नव्हे, पण जे श्रम गेले त्यांची जागा रिकामी राहिली आहे, एवढे ध्यानात घेतले पाहिजे. आम्ही तिघींनी बसून वरचे चार प्रश्न सोडविले. उघडीप असेल त्या संध्याकाळी मायलेकींनी देवळापर्यंत जाऊन यावे. जाऊन-येऊन चाळीस मिनिटे होतात. पावसाच्या दिवशी पडवीत दहा-बारा सूर्यनमस्कार आणि फुगडी. चतुर्थी तोंडावर आली होती, तेव्हा फुगडीला निमित्तही होते. आणि फुगडीने दम किती लागतो, हे ज्यांनी ती घातली आहे त्यांना सांगावयास नको. खाण्यात गोड पेये व तळलेले पदार्थ कमी करावयाचे; मात्र शीत, कढी, मासळी, भाजी वेळच्या वेळी पोटभर जेवावयाचे. डबा रिकामा करून घरी न्यावयाचा, ही माझी अट.

या गोष्टीला आता वर्ष होत आले. आईची साखर उतरली आहे, असे तिने आनंदाने सांगितले. मुलगी यंदा खो-खोच्या संघात आहे. तिचे वजन किती झाले, हे मी विचारलेले नाही आणि कोणी विचारू नये.

विद्यार्थी मित्रहो, वर्गातील सोबत्याला त्याच्या अंगावरून नाव ठेवताना तुम्ही थट्टा करीत असता. तो मात्र घरी जाऊन डबा टाकून देत असेल. त्याला नाव ठेवण्याऐवजी खेळावयास बोलवा. आणि मीही एक नियम केला आहे. कोणी बारीक झालेले दिसले, की प्रथम विचारते, “आज जेवलीस ना?”