खोट्या ओळखीवर मिळवलेलं बक्षीसपत्र रद्द होतं का?

प्रश्न : माझी आत्या ७६ वर्षांची. पुण्यात स्वतःचा बंगला, भाड्याने दिलेली दोन दुकानं. यजमान हयात नाहीत. एकुलता एक मुलगा अमेरिकेत वारला. त्यानंतर त्याचे ‘कॉलेजमित्र’ म्हणून एक गृहस्थ घरी येऊ लागले. आत्याला ते म्हणाले, शेवटच्या आठवड्यात मी त्याच्या उशाशी होतो. मला म्हणाले, मी सीए आहे. शेजाऱ्यांना सांगितलं, मी लष्करातून निवृत्त झालो. त्या आठवड्यात ते पुण्यातच होते, हे आता कळलं आहे. आत्याने गेल्या वर्षी एका दुकानाचं नोंदणीकृत बक्षीसपत्र आणि बँक व भाडेवसुलीचं कुलमुखत्यारपत्र त्यांना करून दिलं. आम्ही काही बोललो की ती म्हणते, “इतके दिवस तुम्ही कुठे होता?” खोटं बोलणं हा त्यांचा आजार असावा, असं ओळखीचे डॉक्टर म्हणाले. मग ते सुटतील का? दुकान परत मिळेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नुसतं खोटं बोलणं हा गुन्हा नाही. त्या खोट्यावर विसंबून कोणी मालमत्ता दिली, तर मात्र ती फसवणूक ठरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार अशा फसवणुकीला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आजाराची ढाल सहसा चालत नाही. आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे, हे वेडाच्या भरात कळतच नव्हतं, असं सिद्ध झालं तरच कलम २२ चं संरक्षण मिळतं. माणूस पाहून वेगळी कहाणी सांगणारा आणि त्यातून दस्त करून घेणारा त्यात बसणं कठीण.

बक्षीसपत्र एकदा नोंदलं की मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. पण संमती फसवून किंवा गैरवाजवी प्रभाव टाकून घेतली असेल, तर करार कायद्याची कलमं १६ व १७ आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२६ यांच्या आधारे ते दिवाणी न्यायालयातून रद्द करून घेता येतं. त्यांच्यावर आत्याचा पूर्ण विश्वास होता, कुलमुखत्यारही तेच होते, हे दाखवता आलं, तर व्यवहार सचोटीचा होता हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर येतो. मुदत तीन वर्षांची, तीही फसवणूक कळल्यापासून मोजतात. बक्षीसपत्रात ‘सांभाळ करण्याच्या’ अटीवर दुकान दिल्याचं लिहिलं असेल आणि सांभाळ होत नसेल, तर ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडेही जाता येईल.

पुरावा कसा उभा करायचा, यासाठी इंग्लंडचा टिचबोर्न खटला लक्षात ठेवा. या श्रीमंत घराण्याचा वारस रॉजर १८५४ मध्ये समुद्रात बेपत्ता झाला. ऑस्ट्रेलियातल्या एका खाटकाने ‘तो मीच’ म्हणून दावा केला आणि आस लावून बसलेल्या आईने त्याला मुलगा म्हणून स्वीकारलंही. रॉजर पॅरिसमध्ये वाढलेला, या माणसाला फ्रेंच येत नव्हतं. रॉजरच्या हातावर गोंदण होतं, याच्या हातावर नव्हतं. अशा तपशिलांनी दावा कोसळला आणि १८७४ मध्ये त्याला खोट्या साक्षीबद्दल १४ वर्षांची शिक्षा झाली. तुम्हीही स्वभावावर वाद घालू नका. त्या आठवड्यात ते पुण्यात होते याचा कागद, रुग्णालयाच्या नोंदी, कॉलेजची यादी, सीए संस्थेकडची सदस्यत्वाची पडताळणी, हे सगळं गोळा करा.

आता अडचणीची बाजू. दुकान आत्याच्या मालकीचं होतं, बक्षीसही तिनेच दिलं. तिच्या हयातीत भाचा म्हणून तुमचा त्यावर हक्क नाही. दावा तिनेच लावायला हवा आणि फौजदारी प्रकरणातही तिचा जबाबच कळीचा. सगळं खरं कळूनही तिला दुकान त्यांनाच द्यायचं असेल, तर तो तिचा अधिकार आहे.

ती तयार झाली, तर हा क्रम ठेवा :

१. कुलमुखत्यारपत्र रद्द करणारा दस्त नोंदवा. त्याची लेखी सूचना त्या गृहस्थांना, बँकेला आणि भाडेकरूंना द्या, पोच घ्या.
२. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तिच्या सर्व मिळकतींची इंडेक्स टू तपासा. आणखी दस्त झाले असतील तर तिथे दिसतील.
३. बँकेचे उतारे काढून कुलमुखत्याराने काढलेल्या रकमांचा हिशेब मागा.
४. दाव्यासोबत दुकान विकण्याला मनाई मागा आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस नोंदवा.
५. मृत्युपत्र केलं असेल तर ते तिला कधीही बदलता येतं. नवं करताना डॉक्टरांचा दाखला जोडा.

आत्याचा प्रश्न मात्र टाळू नका. त्या माणसाने तिला मुलाबद्दल बोलायला कोणीतरी दिलं, म्हणून तिने सही केली. वकिलाला घेऊन जाण्याआधी तुम्ही जा, मुलाच्या आठवणी ऐका, मग कागद तिच्यापुढे ठेवा. तिचा विश्वास बसला, तरच तुमच्या हाती दावा आहे.